चिडवणारी पोरं कुठे गेली?

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ ही कादंबरी लिहिली. तीत पोहायला घाबरणारा श्याम माळ्यावर लपतो. लोक पोराला भित्रा म्हणतील म्हणून आई त्यालाच चोपते. (आजच्या मुलांना हे खटकतं, खटकू द्या.) पण चिडवणाऱ्यांचं काय?

सोलापुरातल्या वर्गातही ते असेच सुटतात: कुणाच्या तेलुगू वळणाच्या मराठीवर कुणी हसलं, की ‘सॉरी म्हण’, हातात हात, विषय संपला! मला हे पटत नाही. हेच गुरुजी मे १९४७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात उपोषणाला बसले. दलितांनी सोसावं, माफ करावं असं त्यांनी सांगितलं नाही. विठ्ठलाचं दार त्यांच्यासाठी उघडा म्हणाले. तेव्हा ही कादंबरी वाचताना दुखावलेल्या मुलाला ‘इतक्यात माफ करणार नाही’ असंही म्हणू द्या.