वळणाचा दिवा व मागून येणारा शेजारी

आमच्या वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें, वडिलांच्या मोटारसायकलीचे वळण दाखविणारे दिवे फुटले असतां, नवे विकत न आणतां घरींच एलईडी जोडून दिवे तयार केले. हें कळतांच कांहीं पालकांनीं ‘असले उद्योग शाळेनें बंद करावे’ असें आम्हांस सुचविलें. आमचें मत निराळें आहे.

ओहमचा नियम त्या मुलास पाठ होताच. या कामीं तो त्याला कळला. १२ व्होल्टची म्हणविणारी बॅटरी गाडी चालू असतां सुमारें १४ व्होल्ट देते. एक पिवळसर एलईडी सुमारें २ व्होल्ट घेतो. असे तीन एकापुढें एक जोडिले म्हणजे ६ व्होल्ट खर्चीं पडतात व उरलेले ८ रोधकास सोसावे लागतात. प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आंत राहण्यासाठीं रोध ४०० ओहमहून अधिक पाहिजे. म्हणून त्यानें ४७० ओहमचा रोधक घातला. जुना फ्लॅशर १० वॅटच्या बल्बांसाठीं केलेला. इतक्या थोड्या प्रवाहावर तो नीट चालेना, तेव्हां त्यानें एलईडीस योग्य असा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसविला. हें ज्ञान त्याच्यापासून कोण हिरावून घेईल?

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. आम्हीं तो दिवा भर दुपारीं मैदानांत ठेवविला आणि मुलास वीस पावलांवर उभें केलें. खोलींत डोळे दिपविणारा तो दिवा उन्हांत जेमतेम दिसला, व मुलगा थोडा बाजूस सरतांच विझल्यासारखा वाटला. अशा लहान एलईडीचा प्रकाश पुष्कळदां अरुंद झोतानें समोरच जातो; बाजूच्या माणसास तो पोहोंचत नाहीं. मुलगा खट्टू झाला, व बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

या मौनांतच खरें शिक्षण आहे असें आम्हांस वाटतें. वळणाचा दिवा स्वारासाठीं नसतोच. तो परक्यास दिलेला शब्द आहे. ज्याच्या गाडीस दिवा नाहीं तो हात दाखवितो, मागें वळून पाहतो. परंतु आपला दिवा लागला आहे या भरंवशावर निर्धास्त वळणारा मनुष्य स्वतःसह मागच्यासही संकटांत लोटतो. याचसाठीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं या दिव्याचा रंग पिवळसर नारिंगी आणि लुकलुकण्याची गति मिनिटास ६० ते १२० ठरविली आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या हातांतील डाख व तार काढून घेऊं नका. घरच्या मेजावर त्यास हवे तितके दिवे करूं द्या. रस्त्यावर मात्र प्रमाणित दिवेच लावा. आणि विद्यार्थिमित्रहो, ‘लागला का?’ एवढें विचारून थांबूं नका. ‘मागच्यास दिसला का?’ हें विचारा. आपला शेजारी कोण, हा शुभवर्तमानांतील प्रश्न फार जुना आहे. रस्त्यावर त्याचें उत्तर सोपें आहे: जो आपल्या मागून येत आहे, आणि ज्याचें तोंडही आपण पाहिलेलें नाहीं, तो.