मिगला गंज चढवणाऱ्यांनो, जरा कसाऱ्याला या!

प्लॅस्टिकचं लढाऊ विमान जोडलं की त्यावर तपकिरी गंज फासायचा, काळ्या रेघा ओढायच्या. याला म्हणे 'वेदरिंग' म्हणतात. छे! हा तर शिमगा झाला.

साधं गणित बघा. १/७२ मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची फट! आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या मिग-२१ला? आणि त्याचा पत्रा मुख्यतः ॲल्युमिनियमचा. तो लोखंडासारखा तांबूस गंजत नाही, पांढरट भुकटी धरतो.

मळायलाही कारण लागतं राव! कसाऱ्याला घाट चढवण्यासाठी गाडीला मागून लागणारी बँकर इंजिनं बघा... ब्रेकची तांबूस धूळ खाली चाकांपाशी, पावसाचे ओघळ वरून खाली. उडत्या विमानावर तेलाचे ओघळ मात्र वाऱ्याने मागे जातात.

याच घाटापलीकडे, ओझरला, एचएएलने मिग-२१ बांधले. १९६३ ते २०२५ हवाई दलाने ते वापरले. तंत्रज्ञांनी पुसून, तपासून उडत ठेवले. ते भंगारातून आणल्यासारखं रंगवणं म्हणजे त्या कष्टांवर चिखलफेक. डाग जरूर पाडा, पण प्रत्येक डागाचं कारण सांगता आलं पाहिजे. नसेल येत, तर विमान स्वच्छ ठेवा. असो.