‘गोष्ट तर कळली ना?’ : एका चरे पडलेल्या डीव्हीडीच्या निमित्ताने

परवा एका चर्चासत्रात माध्यमांतराचा विषय निघाला असता आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज म्हणून एक वाक्य उच्चारले. ‘त्या काळी डीव्हीडी अडकायची, सिनेमा अर्धा राहायचा, पण आपले काही अडले नाही. उरलेली गोष्ट वर्गात सांगून टाकली की झाले.’ सभागृहात हशा पिकला. आम्ही दोघेही त्या हशात सामील झालो आणि नंतर चहाच्या वेळी एकमेकांकडे पाहून ओशाळलो. कारण उरलेली गोष्ट सांगून टाकण्याचे पाप आम्हीही केलेले आहे, आणि त्यामुळे नेमके काय अडले हे आम्हांस ठाऊक आहे. सभेत जे बोलायला हवे होते ते येथे लिहीत आहोत.

गोष्ट २००८ सालची. आम्ही दोघेही तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एम.ए.च्या वर्गाला साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधावर एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका होती आणि ती कोणीच घेत नाही म्हणून, कनिष्ठांच्या वाट्याला येते तशी, आमच्या वाट्याला आली होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, मुंबईत चित्रपटमंडळे होती. आमच्या गावी केबलवाला होता आणि बसस्थानकामागे सीडी भाड्याने देणारे एक दुकान, जेथे जपानी चित्रपट मागितल्यावर मारामारीचे हाँगकाँगी चित्रपट पुढे केले जात. अशा वेळी घरपोच डीव्हीडी पाठवणाऱ्या एका सेवेची जाहिरात दिसली. मासिक वर्गणी, थोडी अनामत, एका वेळी तीन चित्रपट. पाहून झाले की त्याच लिफाफ्यातून परत पाठवायचे आणि यादीतले पुढचे तीन यायचे. महाविद्यालयाने अर्थातच पैसे दिले नाहीत. आम्ही दोघांनी वर्गणी निम्मी-निम्मी भरली. यादीत कुरोसावा होता, डी सिका होता, सत्यजित राय होते. ती यादी वाचतानाच वर्गणी वसूल झाल्यासारखे वाटले होते.

पुढच्या वर्षभरात आलेल्या डीव्हीड्यांपैकी कितीतरी धड नव्हत्या. मधल्या भोकापासून तडा गेलेल्या, तेलकट बोटांच्या ठशांनी माखलेल्या, एक तर सरळ दोन तुकड्यांत. ‘सायकल चोर’मधला बाप मुलाला ट्रामकडे पिटाळून भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे पाहतो, आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटून तेथेच थिजते. टूथपेस्ट लावून पाहा, केळ्याच्या सालीने पुसा, असे उपायही लोकांनी सुचवले. केळ्याच्या सालीचा आम्ही खरोखर केला. त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

चित्र कोठे थिजते यालाही काही नियम आहे, हे आम्हां साहित्याच्या माणसांना उशिरा कळले. डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आणि तीही प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून झालेली. तीवरील मजकूर ग्रामोफोनच्या तबकडीसारखा बाहेरून आत जात नाही. तो मध्यापासून सुरू होऊन वळसे घेत कडेकडे येतो. म्हणजे एका थराची डीव्हीडी पुरती भरलेली असेल, तर चित्रपटाचा आरंभ मध्याजवळ सुरक्षित आणि शेवट कडेला. आणि कडेलाच बोटे लागतात, कडच लिफाफ्याच्या तोंडाशी घासते. दोन थरांच्या डीव्हीडीत दुसरा थर बहुधा कडेकडून आत वाचला जातो. तेथे घाव मध्यंतराच्या आसपास बसतो. मध्याकडून कडेकडे गेलेला सरळ चरा फारसा घातक नसतो, कारण हुकलेली अक्षरे गणिताने भरून काढण्याची सोय त्या रचनेतच केलेली असते. वर्तुळाकार चरा मात्र मजकुराच्या ओळीवरूनच चालत जातो आणि सलग मजकूर खातो. आपण सारे डीव्हीडी गोल गोल पुसतो. स्वच्छतेच्या हौसेने आपणच तो मजकूर पुसत असतो.

अशा स्थितीत ‘राशोमोन’ आला. १९५० सालचा, ८८ मिनिटांचा हा चित्रपट अभ्यासपत्रिकेचा कणा होता. अकुतागावाच्या दोन कथांचा त्याला आधार आहे : १९१५ची ‘राशोमोन’ आणि १९२२ची ‘याबु नो नाका’, म्हणजे ‘झाडीत’. पहिलीतून वेशीचे स्थळ आणि पाऊस यांचे वातावरण आले, दुसरीतून खटला. ‘झाडीत’ या कथेत सात जबान्या आहेत आणि शेवटची मृत सामुराईची, मांत्रिक स्त्रीच्या तोंडून झालेली. कोणीतरी हळूच आपल्या छातीतली कट्यार उपसली असे तो सांगतो आणि कथा संपते. चित्रपट तेथे संपत नाही. लाकूडतोड्या वेशीत बसून म्हणतो की हे खोटे आहे, आणि आपण डोळ्यांनी पाहिलेले, न्यायासनापुढे न सांगितलेले सांगू लागतो. दरोडेखोराच्या बढाईतले शूर द्वंद्व येथे दोन घाबरलेल्या पुरुषांची धापा टाकत चाललेली धडपड होते. आणि मग त्या लाकूडतोड्याच्याही सांगण्याला भोक पडते, कारण मोत्यांच्या मुठीची कट्यार गेली कोठे याचे उत्तर त्याच्याकडे नसते. पाठोपाठ वेशीत टाकलेले तान्हे मूल, त्याचे कपडे ओरबाडून नेणारा वाटसरू, आणि सहा मुलांचा बाप असलेल्या लाकूडतोड्याने ते मूल पदरात घेणे. हे सारे ‘झाडीत’ या कथेत नाही. ‘राशोमोन’ कथेतही मूल नाही. कुरोसावाने आणि त्याचा सहलेखक हाशिमोतो याने येथे अकुतागावाशी वाद घातला आहे, आणि माध्यमांतर शिकवायचे ते या वादासाठीच.

आमची डीव्हीडी मांत्रिक स्त्रीच्या जबानीनंतर थांबली.

दुसरी मागवली, तीही तेथेच थांबली. तिसऱ्या वेळी आम्हांला शंका आली. परत पाठवण्यापूर्वी मधल्या पारदर्शक कड्यावर, जेथे मजकूर नसतो तेथे, आम्ही शाईचा एक बारीक ठिपका ठेवला आणि तक्रारीच्या चिठ्ठीत ‘अमुक मिनिटाला थांबते’ असे स्पष्ट लिहिले. तीन आठवड्यांनी नवी म्हणून आलेल्या डीव्हीडीवर आमचा ठिपका होता. दूरध्वनीवरील मुलगा अत्यंत सौजन्याने म्हणाला, ‘सर, प्रत्येक डिस्क चेक होऊनच निघते. तुमचा प्लेअर एकदा बघून घ्या.’ त्या मुलाविषयी आमचा राग नाही. त्याच्यासमोरील पडद्यावर ‘बदलून दिली’ एवढेच दिसत असणार. चालू हिंदी चित्रपटाच्या त्यांच्याकडे खोक्याने प्रती होत्या. एक बिघडली तर दुसरी. ‘राशोमोन’ची बहुधा एकच होती, आणि ती आमच्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून कोण जाणे कोणाकडे आणि पुन्हा आमच्याकडे अशी फिरत होती. मधल्या त्या अज्ञात वाचकानेही आमच्यासारखीच तक्रार केली असेल, किंवा येथेच चित्रपट संपतो असे समजून लिफाफा बंद केला असेल. ही दुसरी शक्यता आम्हांला आजही अस्वस्थ करते.

टपालाने गेले की थोडेफार मोडायचेच, असे यावर म्हटले जाते. हे खरे नाही. ही पद्धत जिने रूढ केली त्या अमेरिकन नेटफ्लिक्सने १९९८ साली टपालाने डीव्हीडी पाठवण्यास आरंभ केला आणि २०२३च्या सप्टेंबरात ते काम बंद केले. मधल्या काळात तेथे एक उद्बोधक तंटा झाला. व्हिडिओ खेळांच्या चकत्या टपालाने भाड्याने देणाऱ्या गेमफ्लाय या कंपनीने २००९ साली तेथील टपाल नियामक आयोगाकडे दाद मागितली. पत्रे वर्गीकृत करणाऱ्या यंत्रांत आपल्या चकत्या तुटतात म्हणून आपल्याला जादा दराने टपाल पाठवावे लागते, आणि नेटफ्लिक्सचे परतीचे लिफाफे मात्र टपालखाते यंत्रातून न घालता, वेगळा आकार न घेता, हाताने वेगळे काढते, अशी ती तक्रार. आयोगाने २०११ साली हा पक्षपात असल्याचे मान्य केले. त्यावरील उपाय पुरेसा नाही म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३मध्ये पुन्हा आयोगाकडे आले. तात्पर्य, डीव्हीडी मोडणार की धड राहणार हे कोणीतरी ठरवत असते. मोठ्या गिऱ्हाइकाची हाताने काढली जाते, लहानाची यंत्रात जाते. आमच्या सेवेतही कोणत्या चित्रपटाची डीव्हीडी तपासायची आणि कोणत्या चित्रपटाची नुसती पुढे ढकलायची हे कोणीतरी, कदाचित न ठरवताच, ठरवलेले होते.

परंतु हा लेख त्या सेवेविरुद्ध नाही. ती केव्हाच बंद पडली, आणि मेलेल्याला मारण्यात हशील नाही. आमचा वाद आहे तो आपल्याच मंडळींशी. डीव्हीडी अडकल्याची हकीकत आम्ही विभागात सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘पण गोष्ट तर कळली ना?’ विचारणारे गृहस्थ पाठचिकित्सा शिकवत. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली याविषयी ते तासभर अस्खलित बोलत. पोथीतले एक पान गहाळ असेल तर ते पान शोधायला हस्तलिखितांच्या दप्तरात महिने घालवणारे हे लोक. चित्रपटाची शेवटची पंचवीस मिनिटे गहाळ झाल्यावर मात्र त्यांना गोष्ट कळण्यापलीकडे काही नको होते. म्हणजे चित्रपट ही संहिता आहे असे अभ्यासक्रमात लिहायचे, प्रश्नपत्रिकेत विचारायचे, आणि मनातून तो रविवारी दुपारी पाहण्याचा प्रकार आहे असेच मानायचे. ग्रंथालयातल्या संदर्भग्रंथाची पाने ब्लेडने कापून नेणाऱ्या विद्यार्थ्यावर आपण संतापतो. तो विद्यार्थी निदान त्या पानांना किंमत आहे असे तरी मानतो.

आता आमच्या पापाविषयी. परीक्षा जवळ आली होती. वर्गात नऊ मुले. चित्र थिजले, दिवे लावले, आणि उरलेले आम्ही तोंडी सांगितले. आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत पुण्यात तो चित्रपट पाहिला होता. आठवणीच्या आधाराने, हातवारे करीत, रंगवून सांगितला. मुले रंगली. उत्तरपत्रिका आल्या तेव्हा नऊपैकी सात जणांनी लिहिले होते की लाकूडतोड्याची साक्ष हीच खरी घटना असून तिच्यामुळे रहस्याचा उलगडा होतो. दोष मुलांचा नव्हता. आम्ही सांगताना ‘आणि मग खरे काय घडले ते कळते’ असे वाक्य वापरले होते. पडद्यावर लाकूडतोड्याच्या चेहऱ्याकडे पाहताना जो संशय येतो, वाटसरूच्या हसण्याने जो पक्का होतो, तो आमच्या आवाजात नव्हता. कथेकऱ्याच्या आवाजात तो येऊच शकत नाही. त्या चित्रपटात प्रत्येक जण आपल्याला सोयीची हकीकत सांगतो. आम्हीही तेच केले, परीक्षेच्या सोयीने. ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घालू पाहणाऱ्याला नाथांनी दिलेली ताकीद मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आम्ही ओवी घातली, आणि ती सात उत्तरपत्रिकांत उतरली. त्यांतले दोघे आज स्वतः शिकवतात.

यावर चर्चासत्रातल्या त्या सहकाऱ्यांचे उत्तर आम्हांला माहीत आहे : आता सारे भ्रमणध्वनीवर मिळते, तेव्हा हा प्रश्न उरलाच कोठे? चरे उरले नाहीत हे कबूल. पण ‘गोष्ट तर कळली ना’ म्हणणारा शिक्षक आहे तेथेच आहे. आज चित्र थिजत नाही. आज दहा मिनिटांत कथानक सांगणारी चित्रफीत वर्गात दाखवली जाते आणि तिच्यावर टिपणे दिली जातात. त्या चित्रफितीतही लाकूडतोड्या खरेच बोलतो, कारण दहा मिनिटांत संशयाला जागा नसते. आमच्या डीव्हीडीचे एक बरे होते, ती थांबत असे. काहीतरी राहिले आहे हे वर्गाला दिसत असे, आणि आम्ही तोंड उघडले नसते तर तसेच दिसत राहिले असते.

त्या नऊ जणांपैकी ज्यांचा पत्ता लागला त्यांना गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरी बोलावले आणि चित्रपट पुरता दाखवला. पाच जण आले. वेशीतले मूल रडू लागले तेव्हा त्यांतली एक, जी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, चटकन म्हणाली, ‘सर, हे मूल तुम्ही सांगितलंच नव्हतं.’ आम्ही सांगितले होते असे आम्हां दोघांचेही ठाम मत होते. तिच्या वहीत मात्र ते नव्हते.