विज्ञानवार्ता : दोन आज्ञा आणि एक क्षण

आई घरातून म्हणते, "दिवेलागण झाली, आत ये", आजोबा अंगणातून हाक देतात, "बाळ, जरा बाहेर ये." उंबरठ्यावरचे पोर गोंधळते खरे, पण "का?" असे विचारण्याची सोय त्याला असते. आकाशात जेव्हा असा प्रसंग ओढवला, तेव्हा ती सोय कोणालाच नव्हती.

१ जुलै २००२ ची रात्र. दक्षिण जर्मनीतील यूबरलिंगेन गावावर, सुमारे ३६,००० फूट उंचीवर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली. एक रशियाचे प्रवासी तुपोलेव, दुसरे मालवाहू बोइंग. दोहोंत टक्कर टाळणारे 'टीकॅस' यंत्र होते. ही यंत्रे आपसांत संदेश पाठवून एकाने चढावे व दुसऱ्याने उतरावे असे ठरवितात. त्याप्रमाणे तुपोलेवला "चढा" आणि बोइंगला "उतरा" अशी आज्ञा झाली. परंतु काही सेकंद आधीच झ्यूरिचच्या नियंत्रकाने तुपोलेवला "उतरा" असे सांगितले होते. त्या रात्री तो एकटाच दोन जागांचे काम पाहत होता. यंत्रांनी काय ठरविले हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने तीच आज्ञा पुन्हा दिली. तुपोलेवने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे. दोन्ही विमाने उतरू लागली आणि एकमेकांवर आदळली. ७१ जीव गेले. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती.

वाचकहो, टीकॅस बिघडले नव्हते. पण कोणाचे ऐकावे याविषयीचे नियम अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते, असे जर्मन चौकशीने २००४ मध्ये नमूद केले. जपानच्या आकाशात ३१ जानेवारी २००१ रोजी अशाच गोंधळातून दोन प्रवासी विमाने थोडक्यात बचावली होती. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळच्या टकरीत ३४९ माणसे दगावली. त्यानंतर हे यंत्र आपल्या देशात सक्तीचे झाले. मात्र यंत्र बसविणे आणि त्याचा अर्थ माणसाला समजणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता नियम स्पष्ट आहे. यंत्राने आज्ञा दिली की वैमानिकाने तीच पाळावी आणि तसे नियंत्रकाला कळवावे. धोका टळेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला वेगळी दिशा वा उंची सांगू नये. यंत्र माणसाहून शहाणे आहे, हे याचे कारण नव्हे. समोरच्या विमानाला त्याच क्षणी नेमके उलट सांगितलेले असते, हे खरे कारण. आपण चढलो नाही, तर त्याचे उतरणे घातक ठरते.

हे "का" आकाशात सांगायला वेळ नसतो. म्हणून ते जमिनीवरच, सरावाच्या वेळी, वैमानिकाच्या मनात पक्के करावे लागते. स्वतः निर्णय घेणारी यंत्रे आता रस्त्यांवर आणि कारखान्यांतही आली आहेत. त्यांचे आपसांत वा माणसाशी पटले नाही तर शब्द कोणाचा मानावा आणि का, हे आधीच विचारून घेणे हा आपला हक्क आहे. उंबरठ्यावरच्या त्या पोराला ते न शिकविता कळते.