एनसीसीचा फॉर्म घरी आला की...

जून-जुलैत कॉलेजची अ‍ॅडमिशनं सुरू झाली की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. एनसीसी भरती, इच्छुकांनी सकाळी सहाला मैदानावर हजर राहावे. आपली बरीच मुलं तो वाचून पुढे जातात. मुली तर थांबतही नाहीत, कारण घरून काय उत्तर येणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं. "आपल्याला काय मिलिटरीत जायचंय?"

पहिला गैरसमज इथेच आहे. १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली, तेव्हापासून कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कुठलंही बंधन नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक आहे. मुलगा तीन वर्षं परेड करून पुढे वकील झाला किंवा अब्बांच्या दुकानात बसला, तरी त्याला कोणी अडवत नाही.

हा विषय आज घेण्याचं कारण असं. जुलै २०२४ मध्ये केंद्राने एनसीसीच्या आणखी तीन लाख जागांना मंजुरी दिली आणि मंजूर संख्या वीस लाखांवर गेली. यूजीसीने २०२१ मध्येच विद्यापीठांना सांगितलं की एनसीसी हा क्रेडिट मिळणारा ऐच्छिक विषय म्हणून ठेवा. आपल्या राज्यात जून २०२५ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी शिक्षणाची घोषणा केली. त्या घोषणेबद्दल आमच्या मनात शंका आहेत. सहा वर्षांच्या पोराला आधी नीट वाचता यावं, असं आमचं मत. पण कॉलेजची गोष्ट वेगळी. जागा वाढतायत, त्या भरणार कोण, एवढाच प्रश्न आहे.

मैदानावर नेमकं काय होतं? सुरुवातीला धावणं, पीटी, पुशअप्स. मग ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल. पहिल्या महिन्यात अर्धी मुलं डावा-उजवा चुकतात आणि हवालदारसाहेबांची बोलणी खातात. पुढे नकाशावाचन, प्रथमोपचार, पॉइंट टू टू रायफल. रात्री दोनपर्यंत नाक्यावर मोबाइल घेऊन बसणारा पोरगा परेडसाठी पहाटे पाचला उठायला लागतो, ही गोष्ट आम्ही स्वतः पाहिली आहे. फजरही मग चुकत नाही, असं त्याच्या अम्मीने हसत सांगितलं.

पण आमच्या मते खरं शिक्षण दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये होतं. आपली पोरं मोहल्ल्यात वाढतात, उर्दू शाळेत शिकतात, आणि कॉलेजात आली तरी आपापल्या घोळक्यातच बसतात. समोरच्या घोळक्याचंही तेच. कॅम्पमध्ये तंबू कोणाचा ते आपण ठरवत नाही. शेजारी कोणी पाटील, कोणी कांबळे, कोणी गावित. एकाच रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, एकाचा बूट दुसऱ्याने पॉलिश करून द्यायचा. दहा दिवसांत मैत्री नाही झाली तरी भीती जाते, दोन्हीकडची. जाता जाता सांगतो, जे एनसीसी गीत तिथे सगळे मिळून गातात, ते लिहिलंय सुदर्शन फ़ाकिर या उर्दू शायराने.

घरच्यांच्या अडचणी मात्र खोट्या नाहीत. दहा दिवसांच्या कॅम्पात एक तरी जुमा येतोच. मेसमध्ये शाकाहारी जेवण असतं, त्यामुळे हलालचा प्रश्न सुटतो. पण रमजानमध्ये कॅम्प आला तर सहरीचं काय, हे आधी बोलावं लागतं. एका कॅम्पात नमाजसाठी दहा मिनिटं मागणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर टोमणा ऐकावा लागला. दुसऱ्या कॅम्पात अधिकाऱ्यांनी स्वतःहून जागा दाखवली. म्हणजे नियमापेक्षा माणसावर जास्त अवलंबून आहे, आणि हेच आम्हाला खटकतं. ही सोय लेखी असायला हवी. कॉलेजच्या प्राध्यापक-अधिकाऱ्याकडे पालकांनी जाऊन ती मागायला हवी.

दाढीचंही स्पष्ट बोलू. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाचं अपील सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळलं. पुढे सैन्यात जायचं असेल तर हे माहीत असू द्या. मुलींच्या बाबतीत गणवेश आणि रात्रीचा मुक्काम हे दोन मुद्दे येतात. मुलींची राहण्याची व्यवस्था वेगळी असते, सोबत महिला अधिकारी किंवा प्रशिक्षक असतात. हिजाबबद्दल युनिटला फॉर्म भरण्याआधी विचारावं. नंतर वाद होऊन मुलगी मधेच सोडते, त्यापेक्षा ते बरं.

आणि फायदा? "सी" सर्टिफिकेट बी ग्रेडने आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी सीडीएसची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. थेट एसएसबीची मुलाखत. इंग्रजी लेखी परीक्षेत मागे पडणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा दरवाजा मोठा आहे. मुलींसाठीही तो उघडा आहे. २०१६ मध्ये आपल्या पुण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व सोफिया कुरेशी यांनी केलं होतं. देशाने त्यांचं नाव मे २०२५ मध्ये ऐकलं.

सच्चर समितीने २००६ च्या सुमारास सैन्यातल्या मुस्लिमांची संख्या विचारली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तो आकडा आपल्याला मिळाला नाही. पण आपल्या कॉलेजच्या एनसीसी तुकडीत आपली किती मुलं-मुली आहेत, हे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. या आठवड्यात एखाद्या सकाळी मैदानावर जाऊन पाहा.