सातबारा आपला, पैसा परक्याचा!

परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येते का? चावडीवर हा प्रश्न निघाला की दहा जण दहा उत्तरं देतात. कायद्याचं उत्तर मात्र साफ आहे. 'फेमा' म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९. त्याच्या नियमांनुसार परदेशी नागरिक तर सोडाच, परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या भारतीयालाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. त्यानं घर घ्यावं, दुकानाचा गाळा घ्यावा, शेत नाही.

एखादा परदेशी इथेच येऊन राहिला, तरी आपल्या कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळकायदा आड येतो. कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेजारच्या गोव्यानेही २०२३ साली कायदा करून भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती जाण्यावर बंधन घातलं.

मग भीती कसली? भीती आपल्याच माणसांची. पैसा परक्याचा, खरेदीखत गावातल्या कुणाच्या तरी नावावर. कागद चोख, फेरफार मंजूर, सातबारा स्वच्छ! पण यालाच बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. शिवाय जमीन सरकारजमा. परदेशी पाहुणा विमानानं निघून जाईल. पाच-पन्नास हजारांसाठी नाव देणारा मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल.

या कायद्याचा उलटा वापरही होतो, तोही थांबला पाहिजे. "तू परदेशात गेलास, तुझा हिस्सा बुडाला," असं भावाला किंवा बहिणीला सांगून वाटणीतून उडवायचं. हे धादांत खोटं आहे. वडिलोपार्जित शेती परदेशस्थ भारतीयाला वारसाहक्काने मिळते. इथे असताना स्वतः घेतलेली जमीनही त्याला ठेवता येते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते, इतकंच.

आता गावकामगारांनी काय करावं? फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस कोपऱ्यात चिकटवून मोकळं होऊ नये. ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्याच्या घरी बैल घ्यायला पैसा नाही, तो एकाएकी पाच एकर बाग घेतो, तेव्हा गावाला कळतंच. तलाठी भाऊसाहेबांनी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तेव्हा डोळ्यांवर कातडं ओढू नये. दुय्यम निबंधकांच्या दारात हे नियम सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला सरकारला खर्च तो किती येणार?

कायदा कुंपण घालतो, पण फाटकाची किल्ली गावाच्याच हातात आहे. शेतकरी बांधवांनो, जमीन विकणं न विकणं तुमचा हक्क. पण दुसऱ्याच्या पैशाला आपलं नाव भाड्यानं देऊ नका.