टिश्यू व्हॉल्व्ह बसवताना दुसऱ्या शस्त्रक्रियेचाही विचार हवा

हृदयाची झडप निकामी होऊन ती बदलायची वेळ आली की रुग्णापुढे दोन पर्याय येतात. मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला तर रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी आयएनआर तपासणी सतत करावी लागते. गुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार केलेल्या टिश्यू व्हॉल्व्हला, दुसरे काही कारण नसेल तर, ही गोळी जन्मभर लागत नाही. एवढेच ऐकले तर कोणीही टिश्यू व्हॉल्व्हच मागेल. पण तो झिजतो. सत्तरीतल्या रुग्णाच्या बाबतीत ही झीज अनेकदा गौण ठरते, तिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तीच मुख्य गोष्ट असते. म्हणून तरुणाला हा व्हॉल्व्ह द्यायचा असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची चर्चा पहिलीच्या आधीच व्हायला हवी.

झिजण्याचे कारण व्हॉल्व्हच्या घडणीतच आहे. प्राण्याची ऊती माणसाच्या शरीरात टिकावी म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवण्याची पद्धत फ्रेंच शल्यविशारद आलाँ कार्पाँतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. त्यामुळे व्हॉल्व्ह टिकाऊ झाला, पण त्या मृत ऊतीत कॅल्शियम साचायचे थांबले नाही. पाकळ्या हळूहळू ताठर होतात, फाटतात. तरुण शरीरात हे अधिक वेगाने घडते, आणि मायट्रल झडपेच्या जागी महाधमनीच्या झडपेपेक्षा लवकर. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये १९७७ ते १९८२ दरम्यान शस्त्रक्रिया झालेल्या ५७५ पुरुषांचा पाठपुरावा पंधरा वर्षे झाला. महाधमनीच्या जागी बसवलेले २३ टक्के आणि मायट्रलच्या जागचे ४४ टक्के टिश्यू व्हॉल्व्ह तोवर निकामी झाले होते. याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात दिसली: मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेल्यांत रक्तस्राव बराच जास्त होता. त्यानंतर व्हॉल्व्ह सुधारले. तरीही १९९६ ते २०१३ या काळातील कॅलिफोर्नियातल्या शस्त्रक्रियांच्या विश्लेषणात, चाळिशीत मायट्रल झडप बदललेल्यांपैकी टिश्यू व्हॉल्व्हवाल्यांचा पंधरा वर्षांतला मृत्युदर ४४ टक्के, तर मेकॅनिकलवाल्यांचा २७ टक्के आढळला. महाधमनीच्या झडपेबाबत मात्र पंचावन्नच्या पुढे हा फरक उरला नाही.

आता छाती उघडायची गरजच काय, मांडीच्या रक्तवाहिनीतून जुन्या व्हॉल्व्हमध्ये नवा बसवता येतो, असे यावर सांगितले जाते. आलाँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये कॅथेटरमार्गे पहिला महाधमनी व्हॉल्व्ह बसवल्यापासून या तंत्राने वृद्धांना मोठा आधार दिला, हे खरेच आहे. पण व्हॉल्व्हच्या आत व्हॉल्व्ह बसवला की रक्ताची वाट आणखी अरुंद होते. पहिलाच लहान आकाराचा असेल तर फारच. शिवाय तिशीतल्या रुग्णाला अशा किती फेऱ्या लागतील, याचे उत्तर आज कोणाकडे नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक फेरीचा खर्च लाखांत जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतात झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण संधिवाती ताप आहे. तो लहानपणी येतो, बहुतेकदा मायट्रल झडप बिघडवतो आणि गरिबांच्या वाट्याला जास्त येतो. आयएनआर तपासायला तालुक्याच्या गावीही सोय नसेल, तर मेकॅनिकल व्हॉल्व्हवर गुठळी होऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचाही येथे उपयोग नाही. त्यांपैकी डाबिगाट्रानची मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या रुग्णांवरील चाचणी त्यांना अपाय होऊ लागल्याने थांबवावी लागली. मूल हवे असलेल्या स्त्रीपुढे तर वॉरफरिनमुळे गर्भाला असलेला धोका उभा राहतो. अशा रुग्णांना टिश्यू व्हॉल्व्ह देणे चूक नाही, कित्येकदा तेच शहाणपणाचे असते. मात्र ती निवड पूर्ण माहितीवर व्हायला हवी. व्हॉल्व्ह कोणत्या प्राण्यापासून केला आहे हेही त्या माहितीत आले, कारण अनेकांच्या श्रद्धेचा तो प्रश्न असतो.

कोणत्या वयाला कोणता व्हॉल्व्ह द्यावा, याची पाश्चात्त्य मार्गदर्शक सूचनांतली रेघ ही वृद्धांचे आजार आणि हाताशी असलेली तपासणी गृहीत धरून ओढलेली आहे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय रुग्णांना परवडेल असा मेकॅनिकल व्हॉल्व्ह विकसित केला आणि १९९० पासून तो वापरात आला. पण व्हॉल्व्ह स्वस्त झाला म्हणून गोळीवरची देखरेख आपोआप होत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आयएनआर तपासणी मोफत मिळाली पाहिजे. शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्या सरकारी योजनांनी नंतरची नियमित इकोकार्डिओग्राफी आणि गरज पडल्यास दुसरी शस्त्रक्रियाही पेलली पाहिजे. आणि रुग्णाने संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: माझ्या वयात हा व्हॉल्व्ह साधारण किती वर्षे चालेल, तो बिघडला तर पुढे काय करणार, आणि त्याचा खर्च कोण देणार?